वाडीतली शाळा नक्की चालवतं कोण? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये एकच विषय फिरून फिरून आलाय, शाळा नक्की कोणाच्या हातात आहे, दिल्लीच्या, मुंबईच्या की आपल्या जिल्हा परिषदेच्या. मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडून लिहिलंय लोकांनी. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, म्हणून ज्यांच्यात बऱ्याच जणांचं म्हणणं आपोआप येतं अशी निवडलीत. काही उत्तरं लांबलीत, पण विषयच तसा आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. माझा पुतण्या न्यू जर्सीत एडिसनला असतो, त्याची मुलगी तिथल्या सरकारी शाळेत जाते. राष्ट्राध्यक्षांनी शिक्षण खातंच बंद करायचा आदेश काढला असं टीव्हीवर बघितलं म्हणून मी घाबरून फोन केला, तर तो म्हणतो काका काही होत नाही, शाळा चालूच आहे. देशाचं शिक्षण खातं बंद होतंय आणि शाळा चालू, हे कसं काय? आणि आपल्याकडे असं झालं तर?
(गुहागर तालुक्यातले एक आजोबा)

उत्तर : काका, पुतण्या बरोबर सांगतोय, पण अर्धंच. अमेरिकेच्या घटनेत शिक्षण हा विषय केंद्राला दिलेलाच नाही आणि १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत स्पष्ट आहे की जे केंद्राला दिलं नाही ते राज्यांचं, नाहीतर लोकांचं. त्यामुळे शाळा राज्यांच्या, आणि राज्यांनी त्या पुढे गावोगावच्या स्कूल डिस्ट्रिक्टकडे सोपवल्यात. अशी डिस्ट्रिक्ट देशभरात १३,००० च्या आसपास आहेत. बहुतेक ठिकाणी त्यांचं बोर्ड लोक मतं देऊन निवडतात, शिक्षक तेच नेमतात, आणि आपल्या घरपट्टीसारखा जो मालमत्ता कर असतो त्यातला मोठा हिस्सा सरळ शाळेला जातो. हवाईत मात्र अख्ख्या राज्याचं एकच डिस्ट्रिक्ट आहे, म्हणजे पद्धत राज्यागणिक वेगळी.

वॉशिंग्टनचं शिक्षण खातं तर त्या मानाने अलीकडचं, १९७९ मध्ये कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि १९८० ला ते सुरू झालं. शाळांवर होणाऱ्या एकूण खर्चात केंद्राचा वाटा एरवी दहा टक्क्यांच्या आसपास असतो. ट्रम्प यांनी २० मार्च २०२५ ला काढलेला आदेश हे खातं कायद्यात बसेल तितकं गुंडाळा असा होता, पूर्ण बंद करायचं तर त्यांच्या संसदेलाच कायदा करावा लागतो. तेव्हा नातीची शाळा उद्या सकाळी उघडणार, काळजी नसावी.

पण "काही होत नाही" हे मला पटत नाही. कारण ते दहा टक्के कुठे जातात ते बघा. १९६५ च्या कायद्याने गरीब वस्तीतल्या शाळांना पैसे जातात, १९७५ च्या कायद्यापासून दिव्यांग मुलांच्या शिक्षणाला जातात. म्हणजे ज्यांच्यासाठी गावातलं बोर्ड भांडेलच असं नाही, त्या मुलांचे ते पैसे आहेत. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे हक्क. १९५४ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तरी १९५७ ला आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक गावात नऊ काळ्या मुलांना शाळेत जाऊ दिलं नाही, राज्यपालांनीच शाळेसमोर नॅशनल गार्डचे जवान उभे केले, शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावं लागलं. तो राज्यपाल काय म्हणत होता, तर हा राज्याचा विषय आहे. म्हणून स्थानिक लोकांच्या हातात शाळा असावी हे मला मनापासून मान्य असलं तरी लिटल रॉक मी विसरू शकत नाही.

आणखी एक, नुसत्या स्थानिक करावर शाळा चालली की श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची गरीब राहते. १९७३ ला टेक्सासच्या एका खटल्यात तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की शिक्षण हा देशाच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही, त्यामुळे गरीब गावांना आपापल्या राज्याच्या कोर्टात जावं लागलं. तुमच्या पुतण्याच्याच न्यू जर्सीत १९८१ पासून असा खटला वर्षानुवर्षं चालला आणि राज्याला गरीब शहरांच्या शाळांना जास्त पैसे द्यायला कोर्टाने भाग पाडलं.

आपल्याकडे काय? आपल्याकडे ६ ते १४ वर्षांच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क थेट घटनेत आहे, २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने आलेलं कलम २१-क. दिल्लीतलं मंत्रालय उद्या दुसऱ्या कुठल्या मंत्रालयात विलीन केलं तरी तो हक्क कोणी खात्याच्या आदेशाने काढून घेऊ शकत नाही. ही आपली खरी कमाई आहे काका.

प्रश्न : ताई, मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. आमच्या वाडीतल्या शाळेचा पट एक आकडी झालाय, निम्मी घरं बंद, माणसं मुंबईला. आता शाळा बंद करून मुलांना पलीकडच्या मोठ्या शाळेत नेणार असं कानावर येतंय. मधे पऱ्या (ओढा) आहे, पावसात साकवावरून (लहान पुलावरून) पाणी जातं. कोणी म्हणतं दिल्लीचं नवीन धोरण, कोणी म्हणतं मुंबईचा जीआर, ऑफिसात विचारलं तर म्हणतात वरून आलंय. वरून म्हणजे कुठून?
(देवगड तालुका)

उत्तर : हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक तालुक्यातून आलाय, म्हणून नीट सांगते.

घटना झाली तेव्हा शिक्षण राज्यांच्या सूचीत होतं. आणीबाणीत १९७६ ची ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि ३ जानेवारी १९७७ पासून शिक्षण समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे कायदा दिल्लीही करू शकते आणि राज्यही, आणि दोघांचे कायदे एकमेकांशी भिडले तर कलम २५४ प्रमाणे साधारणपणे दिल्लीचा चालतो. पण कायदा करणं वेगळं आणि शाळा चालवणं वेगळं. तुमच्या वाडीतली शाळा जिल्हा परिषदेची आहे, १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शिक्षक जिल्हा परिषदेचे नोकर, पगाराचे पैसे राज्याच्या तिजोरीतले, शिक्षक किती मिळणार ते राज्याच्या संचमान्यतेवर (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात ती), पुस्तकं पुण्याच्या बालभारतीची, खिचडीचा तांदूळ दिल्लीचा, आणि बाकी बऱ्याच योजनांत दिल्लीचे ६० आणि राज्याचे ४०. एका खोलीच्या शाळेत इतके मालक!

आता शाळा बंद करण्याचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लहान लहान शाळांची संकुलं करावीत असा विचार आहे, ही गोष्ट खरी. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, ते कोणाची शाळा बंद करत नाही. आपल्याकडे २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करा, तसे प्रस्ताव पाठवा, हे पत्र सप्टेंबर २०२३ मध्ये पुण्याहून शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयातून निघालं, त्यात नंदुरबारच्या तोरणमाळचा आणि पुण्याजवळच्या पानशेतचा दाखला होता. पुढे १५ मार्च २०२४ ला संचमान्यतेचे निकष बदलले, त्यावरूनही कमी पटाच्या शाळांना शिक्षक मिळणार नाहीत अशी ओरड झाली, आणि तो निर्णयही राज्याचाच. म्हणजे कल्पना दिल्लीच्या कागदावर, पत्र पुण्याचं, निर्णय मुंबईचा आणि अंमलबजावणी ओरोसची, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेची. तुम्हाला "वरून" म्हणून जे सांगतात त्यातला बराचसा भाग दिल्लीपर्यंत जातच नाही.

उलट दिल्लीचा जो कायदा आहे तो तुमच्या बाजूचा आहे हे कोणी सांगत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेत पट ६० पर्यंत असला तर दोन शिक्षक असं लिहिलंय, तिथे किमान पटाची अट नाही, सात मुलं असली तरी दोन शिक्षक हवेत. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असं अंतर धरलंय. आणि केंद्राने २०१० ला केलेल्या नियमांत तर डोंगराळ भाग, दरडी, पूर, रस्ता नसणं अशा ठिकाणी मुलांना धोका होणार नाही अशा बेताने शाळेची जागा ठरवावी, अंतराची मर्यादा कमी करावी असंही आहे.

मला राग येतो तो इथे. घाटावर गाव म्हणजे एका जागी दाटीने बसलेली घरं, शाळा मध्ये, चारी बाजूंनी शेतं. आपलं गाव म्हणजे सड्यावर दोन वाड्या, खाली खाडीला एक, पऱ्यापलीकडे एक, आणि महसुली गाव मात्र एकच. पुण्यात किंवा दिल्लीत बसून पटाचा आकडा लावला की कोकणातली शाळा पहिली कापली जाते, आणि त्यात आपल्या लोकांचा काही दोष नाही, जमीनच अशी आहे. हे कळायला जिल्ह्याचा माणूस लागतो, म्हणून मी म्हणते की मुलाचा हक्क आणि पैशाची हमी वरून यावी पण शाळा कुठे असावी हा निर्णय जिल्ह्याच्या वर जाताच कामा नये.

दुसरी बाजूही मी लपवणार नाही. चार मुलांच्या शाळेत खेळायला गडी नाही, एक शिक्षक चार इयत्ता घेतो आणि त्यातच टपाल आणि ऑनलाईन माहिती भरतो, अशा ठिकाणी मूल एकटं पडतं. काही वाड्यांतल्या पालकांनी स्वतःहून मोठी शाळा निवडलीय, आणि गाडी दारात येत असेल तर त्यात वाईट काही नाही. फक्त गाडी आधी, शाळा बंद नंतर.

तुम्ही करायचं काय, तर "कानावर आलं" यावर न थांबता ज्या पत्राने शाळा बंद होणार त्याचा जावक क्रमांक आणि तारीख लेखी मागा. पावसाळ्यातली पायवाट मोजा, नकाशावरचं सरळ अंतर नको, मूल ज्या वाटेने चालणार ती वाट, आणि साकवावर पाणी आलेलं असताना फोटो काढून ठेवा. समितीत ठराव करा, ग्रामसभेतही करा, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी प्राथमिक आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी तिघांना प्रती द्या आणि पोच घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर राज्याच्या बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. तक्रारीत हे कलम नावाने लिहा.

प्रश्न : मागे पहिलीपासून हिंदी आली आणि मग गेली. दिल्लीने लादली असं काही जण म्हणतात, मग तमिळनाडू भांडतं तसं आपण का नाही भांडत? माझी मुलगी तेव्हा पहिलीत जाणार होती म्हणून विचारते.
(सावंतवाडीची एक आई)

उत्तर : १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय मुंबईचा होता, १७ जूनचा सुधारित निर्णयही मुंबईचाच, आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतले तेही मुंबईनेच, मग डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. दिल्लीच्या २०२० च्या धोरणात तीन भाषा आहेत पण कुठल्याही राज्यावर कुठलीही भाषा लादणार नाही, तीनपैकी दोन भारतीय असाव्यात, निवड राज्यांनी आणि विद्यार्थ्यांनी करावी असं लिहिलेलं आहे. तेव्हा हिंदीच आणि पहिलीपासूनच, हे आपल्याच राज्य सरकारने ठरवलं होतं, आणि लोकांनी आवाज उठवल्यावर फिरवलं. राज्याच्या हातात सत्ता असण्याचा हा फायदाच म्हणायचा, मुंबईपर्यंत आपला आवाज पोचतो तरी.

तमिळनाडूचं भांडण वेगळं आणि जास्त गंभीर आहे. तिथे आधीपासून दोन भाषांचं धोरण. केंद्राची निवडक शाळा आदर्श करायची २०२२ ची पीएम श्री योजना घ्यायची तर राज्याने करार करून राष्ट्रीय धोरण राबवू असं लिहून द्यायचं, ते त्यांनी दिलं नाही, तर समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या मुख्य केंद्रीय योजनेचे २०२४-२५ चे २,००० कोटींहून जास्त रुपये अडकले आणि मे २०२५ मध्ये राज्य सुप्रीम कोर्टात गेलं. महाराष्ट्राने तो करार केलेला आहे, म्हणून आपल्याकडे हा प्रश्न उठला नाही. धोरण चांगलं की वाईट हे बाजूला ठेवा, पण गरीब मुलांच्या शिक्षणाचे पैसे दुसऱ्या योजनेच्या सहीसाठी अडवून ठेवायचे हे मला साफ चुकीचं वाटतं. पैसे करदात्यांचे आहेत, त्यात तमिळनाडूचे करदातेही आले. जो पैसे देतो तो हळूहळू अभ्यासक्रम, भाषा, अगदी शाळेच्या भिंतीवरचा बोर्डसुद्धा ठरवायला लागतो आणि त्याला घटना बदलायचीही गरज पडत नाही. अमेरिकेतही हेच झालं, २००२ च्या नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायद्याने वॉशिंग्टनने दरवर्षीच्या परीक्षा पैशाला बांधल्या, मग राज्यं वैतागली आणि २०१५ च्या नव्या कायद्यात बरेच अधिकार राज्यांकडे परत द्यावे लागले.

मराठीचं म्हणाल तर २०२० चा राज्याचा कायदा आहे, बोर्ड कुठलंही असो, महाराष्ट्रातल्या शाळेत दहावीपर्यंत मराठी शिकवावीच लागते. तुमच्या मुलीच्या शाळेत मराठीचा तास खरोखर होतो की नाही ते मात्र विचारत जा.

प्रश्न : निसर्ग वादळात आमच्या शाळेचे पत्रे उडाले. पुढे ते लागले पण किती महिन्यांनी, आणि तोपर्यंत मुलं देवळात बसत होती. प्रत्येक ऑफिस म्हणायचं हे आमच्याकडे येत नाही. मग येतं कोणाकडे?
(दापोली तालुका)

उत्तर : ३ जून २०२० ला वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात किनाऱ्याला लागलं आणि मंडणगड-दापोलीची काय दशा झाली ते मी विसरलेली नाही, माडा-पोफळीच्या बागा आडव्या आणि वीज नाही. शाळेची इमारत जिल्हा परिषदेची, त्यामुळे जबाबदारी तिचीच. पण पैसे चार वाटांनी येतात, जिल्हा परिषदेचा स्वतःचा फंड, जिल्हा नियोजन समिती, समग्र शिक्षा, आणि वादळासारख्या वेळी राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, ज्यात आपल्यासारख्या राज्याला केंद्राचे ७५ आणि राज्याचे २५ टक्के असतात. आणि प्रत्येक वाटेचा फॉर्म वेगळा, अंदाजपत्रक वेगळं, सही वेगळी, त्यात प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल.

शाळेला दरवर्षी जे संयुक्त अनुदान येतं तेही पटावर ठरतं. पट कमी तर अनुदान कमी. पण छप्पर तेवढंच असतं ना, पाऊस काय पट बघून पडतो? कोकणातल्या पावसाला आणि खाऱ्या वाऱ्याला पत्रे, खिळे, वायरिंग लवकर गंजतं, दर दोन वर्षांनी काहीतरी निघतंच, याचा हिशेब दिल्लीच्या निकषात कुठे दिसत नाही आणि मुंबईच्याही नाही. जिल्ह्याला एकगठ्ठा रक्कम देऊन कुठली शाळा आधी दुरुस्त करायची ते जिल्ह्यालाच ठरवू द्यावं, आणि हिशेब ग्रामसभेत मांडायला लावावा, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

पुढच्या वेळी नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो, आणि तलाठी व ग्रामसेवकाच्या पंचनाम्यात शाळेचं नाव आलंय का ते स्वतः बघा. पंचनाम्यातून शाळा सुटली की आपत्तीची वाट बंद होते.

प्रश्न : वीस वर्षं नोकरी झाली, आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्या म्हणतात. जिल्हा परिषदेने नेमलं, राज्य पगार देतं, मग ही अट कोणाची?
(राजापूरच्या एक शिक्षिका)

उत्तर : अट केंद्राच्या कायद्यातून आली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ खाली शिक्षकाची पात्रता ठरवायचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे आहे, तिने २०१० ला टीईटी आणली, परीक्षा मात्र पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांना नोकरी करता येईल पण टीईटीशिवाय बढती नाही. बाई, तुमची चिडचिड मला समजते, वीस वर्षं मुलं घडवून पुन्हा पेपर द्यायचा. पण निकाल बदलेल या आशेवर बसू नका, फॉर्म भरा आणि अभ्यासाला लागा.

प्रश्न : सांगेलीचं नवोदय विद्यालय राज्याचं की केंद्राचं?
(कुडाळ)

उत्तर : पूर्ण केंद्राचं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून नवोदय आली, नवोदय विद्यालय समिती चालवते, सहावीसाठी पाचवीत असताना परीक्षा द्यायची. राज्य फक्त जागा वगैरे देतं. तमिळनाडूत एकही नवोदय नाही, कारण राज्याने घेतलंच नाही. आपल्या वाडीतल्या मुलांसाठी ही मोठी संधी आहे, फॉर्म वेळेत भरा.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. मला वाटतं इतकी भांडणं करण्यापेक्षा सगळं शिक्षण केंद्राकडेच द्यावं, एक देश एक अभ्यासक्रम. कोकणातला मुलगा दिल्लीच्या मुलाच्या मागे का राहावा?
(दापोली)

उत्तर : मागे राहू नये ही तळमळ शंभर टक्के बरोबर. उपाय मात्र मला मान्य नाही, आणि त्याचं कारण तुझ्याच भागातल्या माणसांनी दाखवून दिलंय.

गोपाळ कृष्ण गोखले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. १६ मार्च १९११ ला त्यांनी कलकत्त्याला इंपीरियल कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते कसं होतं बघ, कायदा देशाचा, पण सक्ती कधी आणि कुठे करायची ते नगरपालिका आणि लोकल बोर्डांनी ठरवायचं, आणि खर्चाचे तीन भाग केले तर एक भाग स्थानिक संस्थेने आणि दोन भाग सरकारने सोसायचे. १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते पडलं. शंभराहून जास्त वर्षं झाली, पण मला आजही ती मांडणी सगळ्यात शहाणपणाची वाटते. आणि संस्थानं थांबली नाहीत, बडोद्यात सयाजीरावांनी आधीच १९०६ ला राज्यभर सक्तीचं शिक्षण केलं होतं, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला केलं. ब्रिटिशांचं केंद्र नाही म्हणालं पण कोल्हापूर करू शकलं, ते त्याच्या हातात अधिकार होता म्हणून. सगळ्या किल्ल्या एकाच माणसाकडे असत्या तर त्या वेळी सगळीच दारं बंद राहिली असती.

पुढे १९२१ ला शिक्षण प्रांतांच्या भारतीय मंत्र्यांकडे आलं, आणि मुंबई इलाख्याचे पहिले शिक्षणमंत्री झाले रँग्लर परांजपे, तुझ्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे गेला. अर्थात तिथेही सगळं गोड नव्हतं, बोर्डांत राजकारण शिरलं, बदल्यांत वशिले चालले, आणि १९३८ ला सरकारला काही अधिकार परत घ्यावे लागले. म्हणून मी असं म्हणत नाही की गाव नेहमी बरोबर असतं.

अभ्यासक्रमाचं म्हणशील तर गणित, विज्ञान सगळीकडे सारखंच लागतं, आणि एनसीईआरटी या केंद्राच्या संस्थेचा आराखडा बघूनच राज्यं आपला करतात. पण चौथीच्या पोराला समुद्राची भरती-ओहोटी, खाडी, कातळ, भात आणि आंबा त्याच्या भाषेत शिकवायचा तर पुस्तक करणारा माणूस जवळचा हवा. शिवाय तू म्हणतोस तो मागासलेपणा आकड्यांत दिसतही नाही, २०१२ ला कोल्हापूरपासून वेगळं होऊन कोकण विभागीय मंडळ झालं तेव्हापासून दहावीच्या निकालात रत्नागिरी-सिंधुदुर्ग राज्यात वरच आहे. आपली मुलं अडतात ती दहावीनंतर, जेव्हा सायन्सचं कॉलेज लांब, लॅब नाही, एसटी वेळेवर नाही. ती अडचण अभ्यासक्रम एक करून जात नाही, त्याला पैसे आणि माणसं लागतात.

प्रश्न : आमच्या शाळेत व्यवस्थापन समिती आहे म्हणतात, पण सभा कधी होते कळतच नाही. माझं नाव यादीत आहे, सही मात्र घरी येऊन घेतात. आपल्या हातात काही आहे का खरंच?
(मालवण तालुक्यातली एक आई)

उत्तर : आहे, आणि बरंच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत पाऊण सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या बायका. सभा महिन्यातून एकदा. कलम २२ तर फार महत्त्वाचं आहे आणि कोणी वाचत नाही, समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारने अनुदान देताना तोच आधार धरायचा, असं कायद्यात लिहिलंय. म्हणजे पाण्याची टाकी, मुलींचं स्वच्छतागृह, कुंपण, शिक्षक कमी असणं, हे सगळं आधी तुमच्या आराखड्यात लेखी आलं पाहिजे. खिचडी करणाऱ्या ताईंचं मानधनसुद्धा त्या सभेत बोला. त्याचा दिल्लीने धरलेला आकडा २००९ पासून महिना १,००० रुपयेच आहे आणि वर जे मिळतं ती राज्याची भर आहे, तेव्हा कोणाकडे काय मागायचं ते नीट कळू दे.

घरी आणलेल्या कोऱ्या पानावर सही करू नका. मुख्याध्यापकांशी भांडण मांडू नका, बहुतेक वेळा तेही एकटेच सगळं ओढत असतात, पण मागच्या तीन सभांचं इतिवृत्त आणि चालू वर्षाचा शाळा विकास आराखडा दाखवा असं शांतपणे मागा, नाही दाखवला तर समितीची सदस्य म्हणून एक साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. आणखी दोन-तीन आयांना बरोबर घेऊन जा. आराखडा हातात आला की त्याची एक झेरॉक्स मला या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, आपण तो ओळ न ओळ एकत्र वाचू आणि पुढच्या अंकात त्यावर लिहू.